थोरल्याची पदवी, बहिणीची सही

कोलशेत साष्टी बेटावर आहे. इथे नव्याने राहायला आलेल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. खाडी दिसते, पलीकडचं काल्हेर दिसतं, पण आपण बेटावर आहोत असं कोणाला वाटत नाही, कारण हे बेट बांधांनी आणि पुलांनी कधीच जोडलं गेलं आहे. त्यातला माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध 1845 मध्ये खुला झाला. त्यासाठी पैसे द्यायला कंपनी सरकार तयार नव्हतं. पैसे दिले आवाबाईंनी. 1,57,000 रुपये. अट एवढीच की या वाटेवर पथकर घ्यायचा नाही.

आज तिथल्या रस्त्याचं नाव लेडी जमशेटजी रोड आहे. जमशेटजी हे नवऱ्याचं, व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांचं, नाव. लेडी हा मानही नवऱ्याच्या पदवीमुळे मिळालेला. जिने पैसे दिले तिचं स्वतःचं नाव पाटीवर नाही.

कोणी म्हणेल, पैसा नवऱ्याने कमावलेला होता. खरं आहे. चीनच्या व्यापारातला, कापसाचा आणि अफूचा पैसा होता तो. मग वडिलांमागून मिळालेली पदवी तरी मुलाने कुठे कमावली होती?

हा अन्याय तिथेच संपला असता तर त्यावर सदराची जागा खर्च केली नसती. तो संपलेला नाही. कोलशेतच्या गावठाणात, ढोकाळीत, बाळकुमात, खाडीपलीकडच्या भिवंडी आणि कल्याण तालुक्यात तो आजही रीतसर नोंदवला जातो. तो ज्या कागदावर नोंदवतात त्याला हक्कसोडपत्र म्हणतात.

आधी ती पदवी समजून घेऊ.

जमशेटजी जीजीभॉय 1842 मध्ये नाइट झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. नाइटचा ‘सर’ माणसाबरोबर संपतो. 1857 मध्ये, उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना, राणीने त्यांना बॅरोनेट केलं. हा ‘सर’ माणसाबरोबर संपत नाही, तो घराण्यात उतरतो. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. त्याला लॉर्डांच्या सभागृहात बसता येत नाही. तो मान वंशपरंपरेने मिळालेलं भारतीय घराणं एकच, बंगालमधल्या सत्येंद्र प्रसन्न सिन्हांचं, 1919 मधलं. मुंबईच्या धनाढ्यांना मिळाली ती त्याखालची पायरी.

या पायरीचा जन्मही सांगण्यासारखा आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने 1611 मध्ये ही पदवी काढली ती पैसे उभे करण्यासाठी. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात सैन्य ठेवायचं होतं. 30 शिपायांचा तीन वर्षांचा पगार, म्हणजे 1,095 पौंड, जो भरेल तो बॅरोनेट. गुण, पराक्रम, विद्या यांचा संबंध नाही. पैसे मोजायचे आणि नाव वंशाला लावायचं.

आणि वंश म्हणजे मुलगा. सनदेतच तसं लिहिलेलं असतं: पोटच्या पुरुष वारसांकडे. थोरला मुलगा, त्याचा थोरला मुलगा, नसेल तर पुढचा भाऊ. मुलगी कितीही थोरली असो, या वाटेवर ती उभीच राहू शकत नाही.

जमशेटजींच्या घराण्यात तर त्याहून पुढची गोष्ट घडली. 1859 मध्ये ते वारले. 1860 मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळाने त्यांच्या पदवीसाठी स्वतंत्र कायदा केला. 25 लाखांचे सरकारी रोखे आणि माझगावचा वाडा पदवीला कायमचा जोडला गेला, म्हणजे पदवी ज्याच्याकडे, मिळकत त्याच्याकडे. आणि जो वारस येईल त्याने स्वतःचं नाव टाकून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. दुसरे बॅरोनेट जन्माने करसेटजी, तिसरे माणेकजी, चौथे त्यांचे धाकटे भाऊ कावसजी, पाचवे रुस्तमजी. गादीवर आले की सगळे जमशेटजी. पुरुषालाही आपलं नाव राखता येत नव्हतं, पण त्याच्या बदल्यात त्याला वाडा मिळत होता. बहिणीला ना नाव, ना वाडा.

पेटिट घराण्याकडे या. गिरण्यांचे मालक दिनशॉ माणेकजी पेटिट 1890 मध्ये बॅरोनेट झाले. 1901 मध्ये ते वारले तेव्हा पदवी नातवाकडे गेली. नातवाचं नाव जीजीभॉय फ्रामजी, ते दिनशॉ माणेकजी झाले. या दुसऱ्या दिनशॉंचं पहिलं अपत्य 20 फेब्रुवारी 1900 रोजी जन्मलं. ती मुलगी होती. रत्तनबाई, म्हणजे रत्ती, जिने 1918 मध्ये बॅरिस्टर जिनांशी लग्न केलं. तिच्या मागोमाग 1901 मध्ये भाऊ जन्मला, फ्रामजी. पदवी त्याची झाली. रत्ती 1929 मध्येच गेली, वडिलांच्या आधी, म्हणून तिच्यापुरता प्रश्न उभा राहिला नाही. पण ती जगली असती, घराची लाडकी राहिली असती, वडिलांनी ठरवलेल्या मुलाशी लग्न केलं असतं, तरी उत्तर बदललं नसतं. ती जन्मली त्या क्षणी तिचा क्रमांक ठरला होता, आणि तो क्रमांकच नव्हता.

सर्वांत बोचरी गोष्ट ससून घराण्याची आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे हे नाव महाराष्ट्रात घराघरात माहीत आहे. मुंबईत पैसा करून लंडनला गेलेल्या अल्बर्ट ससून यांना 1890 मध्ये बॅरोनेटपद मिळालं. त्यांचे नातू फिलिप हे तिसरे बॅरोनेट. 1939 मध्ये ते अविवाहित वारले. पदवी संपली, वारस नाही असं नोंदवून वंशावळ मिटली. त्या दिवशी त्यांची सख्खी बहीण सिबिल हयात होती, पंचेचाळिशीच्या आसपासची. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिने ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात वरिष्ठ अधिकारी म्हणून काम केलं. ती जगली 1989 पर्यंत. म्हणजे घराण्याचं रक्त पुढे आणखी 50 वर्षं चालतंबोलतं होतं, तिची मुलंबाळं होती, आणि कागद सांगत होता की वंश खुंटला.

याला वंशखंड म्हणायचं? ही आंधळी नोंद आहे.

ब्रिटनने 2013 मध्ये राजसिंहासनाचा नियम बदलला. 28 ऑक्टोबर 2011 नंतर जन्मलेल्या राजकन्येला तिचा धाकटा भाऊ आता मागे टाकू शकत नाही. सिंहासन बदललं, सरदारांच्या पदव्या मात्र त्या कायद्यातून बाहेर ठेवल्या. देशाचं राज्य मुलीला चालतं, पण दादाचा ‘सर’ चालत नाही. इतकी पुरुषाची माया पदवीवर असते.

आता घरी या. कारण मुंबईच्या पाचसहा घराण्यांत कोण सर झाला यावाचून कोलशेतच्या कोणा आगरी-कोळी घराचं काही अडलेलं नाही. अडलं ते दुसऱ्या एका कायद्याने.

ज्या सरकारने जमशेटजींना पदवी दिली त्याच सरकारने मुंबई इलाख्यात 1874 मध्ये वतनांचा कायदा केला आणि 1886 मध्ये त्यात दुरुस्ती केली, 1886 चा पाचवा कायदा. त्यात स्वच्छ लिहिलं की वतनदार घराण्यातल्या बाईचा वारसाहक्क घराण्यातल्या सगळ्या पुरुषांच्या मागे. सुटका फक्त शेवटच्या वतनदाराच्या विधवेला. म्हणजे पाटलाची एकुलती एक मुलगी मागे, आणि चार घरं सोडून राहणारा चुलतचुलत भाऊ पुढे. लंडनच्या सनदेतला नियम मराठी गावाच्या चावडीवर येऊन बसला. गावातले पुरुष मात्र खूश होते, कारण तो त्यांच्या मनातलाच नियम होता. इंग्रजांवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही.

वतनं गेली. हलकी म्हणवली जाणारी गावकामगार वतनं 1958 च्या कायद्याने गेली, पाटीलकी 1962 च्या कायद्याने. नियम राहिला. तो सातबाऱ्यात शिरला.

कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा मालक झाला. ठाणे जिल्ह्यात अनेक घरांना जमीन मिळाली ती या दिवसामुळे, आणि ती न्यायाची गोष्ट होती. पण कसणारा म्हणून नाव लागलं कोणाचं? घरातल्या थोरल्या पुरुषाचं. नावापुढे तीन अक्षरं: ए. कु. मॅ., एकत्र कुटुंब मॅनेजर. चिखलात लावणी कोणी केली? खाडीतली मासळी डोक्यावर घेऊन बाजारात कोण गेलं? बायका. पण ए. कु. मॅ. कायम पुरुष. तो वारला की वारस म्हणून पुढे मुलगे लागले. बहिणींची नावं लागलीच तर खाली, ‘इतर अधिकार’ या रकान्यात, जिथे बँकेचा बोजा आणि विहिरीचा हक्क लिहितात. सख्खी मुलगी वडिलांच्या जमिनीवर बोजा म्हणून नोंदवली गेली.

मग जमिनीला भाव आला. भातशेतीच्या शेजारी आधी कारखाने आले, कारखाने गेले आणि टॉवर आले. कोलशेत रोडवर ज्या मातीत तांदूळ पिकत होता तिथे आता चौरस फुटाचा दर बोलतात. विकासकाला स्वच्छ मालकी लागते. त्याचा वकील वंशावळ मागतो. आणि वीस-तीस वर्षं कोणाच्या लक्षात नसलेल्या बहिणी एका संध्याकाळी सगळ्यांना आठवतात. भाऊ गाडी घेऊन येतो. साडी असते, मिठाई असते. वहिनी कधी नव्हे ते राहायला बोलावते. आणि मग दुय्यम निबंधकाचं कार्यालय, अंगठ्याच्या ठशाचं यंत्र, फोटो.

बहिणीला काय सांगतात तेही ठरलेलं आहे. नुसती सही आहे. वारसाच्या नोंदीसाठी आहे. बँकेला लागते. तुझ्या लग्नात आम्ही केलं ना सगळं? तुला तिकडे आहेच की. आणि शेवटचं, जे कोणत्याही कायद्याहून जड आहे: माहेर तुटेल.

ही धमकी आहे. प्रेमाच्या आवाजात दिलेली, पण धमकीच. आणि ती देणारा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो, हेच या गोष्टीतलं सर्वांत वाईट. त्याला खरोखर वाटतं की जमीन आपली आहे आणि बहीण उपकार करते आहे. एकदाही त्याच्या मनात येत नाही की तो तिच्याकडून देणगी घेतो आहे, आणि ठाण्याच्या आजच्या भावाने ती देणगी लाखांची, कधी कोटींची आहे.

तो म्हणतो, लग्नात खर्च केला. मग भावाच्या लग्नाचा मंडप कोणी घातला? त्याचं शिक्षण, त्याची रिक्षा, त्याचं दुकान? तो खर्च त्याच्या हिश्श्यातून कोणी वजा केल्याचं ऐकलं नाही.

तो म्हणतो, तुकडे पडतील. सरदार घराणी थोरल्याची बाजू याच कारणाने लावून धरत आली: इस्टेट एकसंध राहावी. महाराष्ट्रात 1947 पासून तुकडेबंदी कायदा आहे आणि शेतीपुरतं त्या युक्तिवादात काही तथ्य असेलही. पण जी जमीन उद्या विकून टाकायची आहे, जिच्या बदल्यात सदनिका आणि रोख मिळणार आहे, तिचे कसले तुकडे? पैशाचे सारखे भाग करायला नांगर लागत नाही.

तो म्हणतो, आपल्यात पद्धत नाही. पद्धती बदलतात. ज्या पारशी समाजाच्या पदव्यांपासून सुरुवात केली त्याचंच बघा. 1865 च्या कायद्यात पारशी मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या एक चतुर्थांश मिळत असे. 1939 मध्ये तो निम्मा झाला. 1991 मध्ये समान झाला. ठाण्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, त्यात मुलगा आणि मुलगी यांत फरकच नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखाली मुलींचा हिस्सा एकोणिसाव्या शतकापासून बरोबरीचा आहे, आणि साष्टीसुद्धा 1737 पर्यंत पोर्तुगीजांकडेच होती. ते आणखी दीडशे वर्षं राहायला हवे होते असं कोणी म्हणणार नाही, पण ‘आपल्याकडे असं चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी कोकणपट्टीत खाली गोव्याकडे पाहावं.

हिंदू घरांचा कायदा उशिरा बदलला. मुलीला हिस्सा देणाऱ्या हिंदू कोड बिलाची वाट अडवली गेली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यामागच्या कारणांत हे मोठं कारण होतं. 1956 च्या कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी आली, वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्कदार झाली नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. तो या महाराष्ट्राचा अभिमानाचा भाग आहे. मग राज्याने देशाच्या आधी पाऊल टाकलं: 22 जून 1994 पासून मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्कदार, झाली, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे आज ज्या बायका साठी-सत्तरीच्या आहेत त्या नेमक्या सुटल्या. केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून ती अट न ठेवता मुलीला मुलाइतका हक्क दिला. तरी दहापंधरा वर्षं वकील वाद घालत राहिले की वडील त्या तारखेला हयात होते का. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोही वाद संपवला. हक्क जन्माने आहे. वडील केव्हा गेले याचा संबंध नाही. लग्न केव्हा झालं याचा संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेलं वाटप किंवा विक्री असेल तर ती उघडता येत नाही, एवढाच अपवाद.

म्हणजे लंडनमध्ये जे अजून झालेलं नाही ते आपण केलं आहे. वर सांगितलेल्या आपल्या या कायद्यांत थोरला, धाकटा, मुलगा, मुलगी असा भेद उरलेला नाही. राज्यघटनेच्या 18 व्या कलमाने किताब संपवले, कोणाही नागरिकाला परक्या राज्याची पदवी घेता येत नाही. मग 2005 मध्ये मिळालेलं बहिणींनी निबंधकाच्या टेबलावर परत द्यायचं, हे कोणत्या घटनेत बसतं?

स्वखुशीने सोडणारीला कोणी अडवू नये. भाऊ हलाखीत आहे, त्याने आईवडिलांचं म्हातारपण एकट्याने काढलं, बहिणीला खरंच द्यावंसं वाटतं, तर तो तिचा हक्क आहे. पण आधी तिच्या हातात हिस्सा यावा, तो केवढा आहे हे तिला आकड्यात कळावं, आणि मग तिने द्यावं. जे आपलं आहे हेच माहीत नाही, ते सोडलं असं म्हणता येत नाही. तिच्याकडून ते काढून घेतलेलं असतं.

सरकारने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. मोहीम चांगली. पण वारस कोण हे सांगायला तलाठ्याकडे जातो भाऊच. म्हणून बहिणींनी स्वतः जावं. गावचा सातबारा महाभूलेखवर बघता येतो, गावठाणातल्या घराचं मिळकतपत्रक वेगळं असतं, तेही बघावं. नाव भोगवटादारांत आहे की ‘इतर अधिकारा’त ढकललंय ते तपासावं. फेरफाराची नोटीस आली आणि नोंद चुकीची असेल तर 15 दिवसांत लेखी हरकत द्यावी. आणि हक्कसोडपत्र समोर आलंच तर त्याच दिवशी सही करू नये. प्रत मागावी, घरी आणावी, मुलीकडून किंवा सुनेकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आपल्या वकिलाला दाखवावी, भावाच्या नव्हे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवायला नंतर दिवाणी न्यायालयात आयुष्य जातं.

भावांनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. बहिणीच्या दारी कागद घेऊन जाणार असाल तर त्यासोबत जमिनीचा आजचा भाव लिहिलेली चिठ्ठीही न्या.

आणि बहिणींनो, पेन हातात घेण्याआधी एवढंच विचारा: माझ्या वाटणीचं क्षेत्र किती, आणि ते सातबाऱ्यावर माझ्या नावाने केव्हा लावतोस?